मेलिंग लिस्टची मांडणी आणि सीमाभागातील नवा प्रोग्रामर

प्रस्तावना

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा माणूस एकटाच बसून काम करतो, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात या कामात पावलोपावली अडचणी येतात आणि प्रत्येक अडचणीच्या वेळी विचारायला कोणीतरी लागते. बंगळूर किंवा पुण्यासारख्या शहरात असा जाणकार शेजारच्या टेबलावर भेटतो. निपाणी, चिकोडी किंवा खानापूर येथील विद्यार्थ्याला तो भेटेलच असे नाही. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, प्रयोगशाळा आहेत. तरीही एखाद्या विशिष्ट आज्ञावलीतील विशिष्ट दोष ओळखणारी व्यक्ती आपल्याच गावात असण्याची शक्यता कमी असते. ती जगात कोठेतरी असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग शोधावा लागतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हा मार्ग अनेक वर्षे मेलिंग लिस्टने, म्हणजे ई-मेलच्या सामायिक यादीने, उपलब्ध करून दिला. यादी सुरू करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. एका समुदायाला किती याद्या असाव्यात, कोणत्या विषयाला स्वतंत्र यादी द्यावी, नवख्याने कोठे विचारावे आणि दिलेले उत्तर दहा वर्षांनंतरही कसे सापडावे, हे ठरवणे मात्र कठीण आहे. प्रस्तुत लेखात या मांडणीचे स्वरूप स्पष्ट केले असून बेळगाव-निपाणी परिसराच्या दृष्टीने तिचा विचार केला आहे.

मेलिंग लिस्ट कशी चालते

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पत्र पाठवण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला. १९७५ पर्यंत अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर 'मेसेजग्रुप' नावाची चर्चायादी चालू झाली होती. सुरुवातीच्या याद्यांमध्ये नावे घालणे आणि काढणे हे काम माणसालाच करावे लागे. १९८६ मध्ये एरिक थॉमस यांच्या लिस्टसर्व्ह या आज्ञावलीने ते यंत्राकडे सोपवले. पुढे १९९२ मध्ये ब्रेंट चॅपमन यांची मेजरडोमो आली. जॉन व्हिएगा यांनी सुरू केलेल्या मेलमन या मुक्त आज्ञावलीची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ मध्ये निघाली, तर तिची नव्याने लिहिलेली तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली.

या सर्वांचे मूळ तत्त्व एकच आहे. यादीला स्वतःचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर आलेल्या पत्राची प्रत यादीच्या प्रत्येक सदस्याला जाते आणि एक प्रत संग्रहात ठेवली जाते. नवीन सदस्य नाव नोंदवतो तेव्हा त्याला आधी एक खातरजमेचे पत्र येते. त्याला उत्तर दिल्यावरच नोंदणी पक्की होते. त्यामुळे दुसऱ्याच कोणाचे नाव परस्पर घालता येत नाही. ज्याला रोजची अनेक पत्रे नकोत, त्याला दिवसभराच्या पत्रांचा एकच गठ्ठा मागवता येतो. काही याद्यांवर प्रत्येक पत्र आधी संचालकाच्या नजरेखालून जाते. घोषणांच्या याद्यांसाठी ही पद्धत सोयीची ठरते.

पत्रांचा परस्परसंबंध कसा जुळतो, हेही समजून घेतले पाहिजे. प्रत्येक पत्राला एक अद्वितीय ओळखक्रमांक असतो. पत्राला उत्तर दिले की त्या उत्तराच्या शीर्षभागात मूळ पत्राचा क्रमांक आपोआप नोंदला जातो. या नोंदींच्या आधारे संपूर्ण चर्चेची साखळी तयार होते. अनेक नवखे सदस्य एखादे जुने पत्र उघडतात, 'उत्तर द्या' हे बटण दाबतात, विषय बदलतात आणि आपला नवा प्रश्न लिहून पाठवतात. त्यांना वाटते, नवे पत्र गेले. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते जुन्याच साखळीतील एक पत्र असते. जुनी चर्चा ज्यांनी बाजूला टाकली आहे, त्यांना हा प्रश्न दिसतच नाही. उत्तर न मिळाल्याने विद्यार्थी निराश होतो आणि त्याला वाटते की आपल्याला डावलले गेले.

भारतीय पार्श्वभूमी व बेळगावचा धागा

भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्याआधी शैक्षणिक व संशोधन संस्थांना अर्नेटचे जाळे उपलब्ध होते, तर हौशी संगणकप्रेमींसाठी काही शहरांत 'बुलेटिन बोर्ड' चालत. बुलेटिन बोर्ड म्हणजे टेलिफोनला जोडलेला एक संगणक. सदस्य मोडेमवरून त्याला फोन लावत, फळ्यावर लावलेल्या सूचना वाचाव्यात तसे त्यावरील संदेश वाचत आणि आपला संदेश ठेवून लाइन सोडत.

बंगळूरहून चालणारा 'सिक्स' नावाचा असा बुलेटिन बोर्ड अतुल चिटणीस यांनी उभारला होता. चिटणीस यांचा जन्म १९६२ मध्ये बर्लिन येथे झाला. त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये घेतले. पुढे ते 'पीसी क्वेस्ट' या संगणकविषयक मासिकाशी जोडले गेले. या मासिकाने १९९६ मध्ये आपल्या अंकासोबत लिनक्सची सीडी वाचकांना दिली. जाळ्यावरून एवढी मोठी आज्ञावली उतरवून घेणे त्या काळातील टेलिफोन लाइनवर जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे लहान गावांतील अनेकांच्या हाती लिनक्स प्रथम अशा सीडीच्या रूपानेच आली.

सीडी घरी आली, तरी ती संगणकावर बसवताना शेकडो अडचणी येत. मोडेम ओळखला जात नसे, छपाईयंत्र चालत नसे, पडद्यावर अक्षरे उमटत नसत. या अडचणींसाठी लिनक्स-इंडिया हा समुदाय व त्याच्या मेलिंग लिस्ट उपयोगी पडल्या. या समुदायाने सर्व चर्चा एकाच यादीवर ठेवली नाही. मदतीसाठी एक, सर्वसाधारण चर्चेसाठी दुसरी आणि प्रोग्रामरांसाठी तिसरी, अशा स्वतंत्र याद्या चालवल्या. त्याचबरोबर मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई अशा शहरांचे लिनक्स वापरकर्ता गट आपापल्या याद्या चालवत. पुण्याचा 'प्लग' हा गट त्यांपैकी मराठी वाचकांना विशेष परिचित आहे. चिटणीस यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये 'लिनक्स बंगलोर' ही परिषद सुरू झाली. २००५ पासून ती 'फॉस डॉट इन' या नावाने ओळखली गेली आणि २०१२ मध्ये शेवटची भरली. ३ जून २०१३ रोजी चिटणीस यांचे निधन झाले.

त्या काळातील तांत्रिक परिस्थिती पाहिली म्हणजे मेलिंग लिस्ट एवढी का रुजली हे कळते. टेलिफोनचे मीटर मिनिटागणिक पळत असे. ई-मेल मात्र लाइन जोडून उतरवून घेता येत असे, लाइन तोडून सावकाश वाचता येत असे आणि उत्तरे लिहून पुन्हा एकदम पाठवता येत असत. ज्याच्याकडे जोडणी मंद व महाग, त्यालाही चर्चेत बरोबरीने बसण्याची सोय या माध्यमात होती.

विभागणीचे तीन नमुने

एका समुदायाने याद्या कशा वाटून घ्याव्यात, याला एकच उत्तर नाही. तीन मोठ्या समुदायांनी तीन वेगळे मार्ग स्वीकारले आहेत.

(अ) विषयानुसार विभागणी. लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे लिनक्स कर्नलचे काम १९९१ मध्ये लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी एका चर्चासमूहावर केलेल्या घोषणेपासून जगासमोर आले. त्याची मुख्य मेलिंग लिस्ट आजही चालू आहे व तिच्यावर दररोज शेकडो पत्रे येतात. एवढी पत्रे कोणीही वाचू शकत नाही. म्हणून जाळ्याची जोडणी, स्मृतीचे व्यवस्थापन, निरनिराळी उपकरणे यांसाठी वेगवेगळ्या याद्या आहेत. कर्नलच्या मूळ आज्ञावलीसोबत 'मेंटेनर्स' नावाची एक फाइल असते. कोणता भाग कोण सांभाळतो आणि त्याविषयीचे पत्र कोणत्या यादीवर पाठवायचे, हे तिच्यात लिहिलेले असते. आपण बदललेली फाइल दिली की योग्य पत्ते शोधून देणारी छोटी आज्ञावलीही सोबत मिळते. याद्या शेकड्यांनी असल्या तरी पत्र कोठे टाकावे हे सापडते, ते या फाइलमुळे. याद्या वाढवाव्यात तर त्यांची अनुक्रमणिकाही सांभाळावी लागते, हा या नमुन्याचा धडा होय.

(आ) जबाबदारी व भाषेनुसार विभागणी. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पात वापरणाऱ्यांची यादी वेगळी, घडवणाऱ्यांची वेगळी, सुरक्षाविषयक सूचनांची वेगळी आणि नव्या कार्यकर्त्यांना हात धरून शिकवणाऱ्यांची वेगळी आहे. घडवणाऱ्यांसाठी घोषणांची एक छोटी यादी आहे व ती प्रत्येक अधिकृत कार्यकर्त्याने वाचावी अशी अपेक्षा असते. याखेरीज फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषांतील वापरणाऱ्यांसाठी स्वतंत्र याद्या आहेत. इंग्रजी कमी येते म्हणून कोणाचा प्रश्न अडून राहू नये, हा त्यामागील हेतू स्पष्ट दिसतो.

(इ) अनुभवाच्या पायरीनुसार विभागणी. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या समुदायाने 'ट्यूटर' ही यादी शिकाऱ्यांसाठी, सर्वसाधारण यादी वापरणाऱ्यांसाठी, 'आयडियाज' ही नव्या सूचनांसाठी आणि 'डेव्ह' ही प्रत्यक्ष भाषेच्या घडणीसाठी ठेवली. ही विभागणी समजली नाही की गोंधळ होतो. पायथनमध्ये लिहिलेला आपला कार्यक्रम का चालत नाही, हा प्रश्न 'डेव्ह'वर विचारला, तर तेथील मंडळी तो योग्य जागी पाठवा असे सांगत. उत्तर रुक्ष वाटे, पण त्यात अपमान नव्हता. याच समुदायाच्या छत्राखाली बंगळूरच्या 'बँगपायपर्स' या स्थानिक गटाचीही यादी होती. पायथनची पहिली भारतीय परिषद २००९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाली. २०२२ मध्ये 'डेव्ह'वरील चर्चा 'डिस्कोर्स' या संकेतस्थळ-आधारित व्यवस्थेवर हलवण्यात आली. माध्यम बदलले, पण विषयांचे कप्पे पाडण्याची गरज तेथेही राहिली.

निपाणीच्या बसस्थानकाचे उदाहरण घेतल्यास हा विषय सोपा होईल. तेथे कोल्हापूरकडे जाणारी गाडी वेगळी, बेळगावकडे जाणारी वेगळी, चिकोडीची वेगळी. प्रत्येक गाडीला पाटी असते आणि ज्याला पाटी समजत नाही त्याच्यासाठी चौकशीची खिडकी असते. याद्यांच्या मांडणीत पाट्या म्हणजे याद्यांची नावे व त्यांचे एका ओळीतील वर्णन, तर चौकशीची खिडकी म्हणजे नवख्यांची यादी. पुष्कळ समुदाय पाट्या लावतात आणि खिडकी ठेवायला विसरतात.

याद्या वेळेआधीच फोडण्याची चूक याच्याही पुढची आहे. चाळीस सदस्यांच्या गटाने सात याद्या काढल्या, तर प्रत्येक यादीवर शुकशुकाट होतो. रिकाम्या यादीवर प्रश्न विचारायला कोणी धजत नाही आणि म्हणून ती रिकामीच राहते. एखाद्या विषयाची पत्रे इतरांना सतत अडचणीची होऊ लागली, म्हणजेच स्वतंत्र यादीची वेळ आली असे समजावे.

भाषेचा प्रश्न : एका अक्षराची कथा

सीमाभागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने भाषेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. बेळगाव-निपाणी परिसरात मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. घरात एक, बाजारात दुसरी व कार्यालयात तिसरी भाषा बोलणारी कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. संगणकाला मात्र या भाषा शिकवाव्या लागल्या. युनिकोड या सांकेतिक प्रमाणात देवनागरी, कन्नड आणि उर्दू ज्या अरबी लिपीकुलात येते त्या लिपीला स्वतंत्र जागा दिलेल्या आहेत. या जागांवरील अक्षरे पडद्यावर बरोबर उमटावीत, यासाठी फाँट, कळफलक आणि अक्षरे जोडणारी यंत्रणा अशा अनेक गोष्टी तयार कराव्या लागल्या.

हे काम मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांनी मेलिंग लिस्टवर केले. इंडलिनक्स या गटाच्या याद्यांवर भारतीय भाषांतील लिनक्सची चर्चा चाले. त्यात सर्व भाषांसाठी सामायिक यादी आणि हिंदीसाठी वेगळी यादी अशी मांडणी होती. मुंबईत प्रा. जितेंद्र शहा यांच्या नेतृत्वाखालील इंडिकट्रान्स गटाने 'गार्गी' हा मुक्त देवनागरी फाँट तयार केला. रेड हॅट कंपनीने 'लोहित' ही भारतीय लिप्यांची फाँटमालिका मुक्तपणे उपलब्ध करून दिली आणि तिच्या पुणे कार्यालयातून मराठीसह अनेक भारतीय भाषांतील अनुवादाचे काम झाले.

अशा कामात प्रश्न योग्य यादीवर नेणे किती निर्णायक असते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याने गुरुजनांना बोलावले जाते, दुसऱ्याने स्वयंपाक्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र, तर 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हिंदीला या फरकाची गरज नाही. त्यामुळे मराठीचा हा आडवा अर्धा र हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कामात सहज निसटू शकतो. युनिकोडमध्ये तो साधण्यासाठी नुक्तायुक्त 'ऱ' या अक्षराला वेगळा संकेत आहे.

आता समजा, निपाणीतील एका विद्यार्थिनीच्या संगणकावर 'दऱ्या' लिहिले असता 'दर्या' उमटते. हा दोष चार ठिकाणी असू शकतो. कळफलकाने 'ऱ'ऐवजी साधा 'र' दिला असेल. फाँटमध्ये आडव्या र ची आकृतीच नसेल. अक्षरे जोडणाऱ्या यंत्रणेने चुकीचा नियम लावला असेल. किंवा ज्या आज्ञावलीत ती लिहिते आहे, तिनेच काही गडबड केली असेल. या चारही भागांचे कर्ते वेगळे आणि त्यांच्या याद्याही वेगळ्या. फाँटचा दोष कळफलकवाल्यांना कळवला, तर ते 'आमच्याकडे सर्व ठीक आहे' असे उत्तर देतील आणि ते खरेही असेल.

म्हणून आधी तपासणी करावी. तोच मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये पाहावा. फाँट बदलताच अक्षर सुधारले, तर दोष पहिल्या फाँटचा. मग तोच मजकूर दुसऱ्या आज्ञावलीत उघडून पाहावा. सर्वत्र चूकच दिसत असेल, तर टंकलेल्या अक्षराचा संकेत तपासावा. एवढे केल्यावर कोणत्या यादीला लिहायचे हे बहुधा आपोआप ठरते. पत्रात आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, काय टंकले, काय उमटले आणि काय उमटायला हवे होते, या चार गोष्टी असाव्यात. मराठी न जाणणाऱ्या वाचकाला दोन शब्दांच्या अर्थातील फरकही सांगावा. एकच दिसणारी दोन अक्षरे वेगळी का हवीत, हे मराठी माणसाने सांगितल्याशिवाय दूरच्या प्रोग्रामरला समजण्याचा मार्ग नाही. येथे गावातील विद्यार्थिनी केवळ मदत मागणारी राहत नाही. ती जाणकार म्हणून चर्चेत उतरते.

नवागतांचे स्वागत व वर्तननियम

यादीची तांत्रिक मांडणी कितीही चांगली असली, तरी तेथील बोलण्याची रीत वाईट असेल तर नवे लोक टिकत नाहीत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंटरनेटवरील शिष्टाचाराच्या एका सार्वजनिक दस्तऐवजात काही साधे नियम सांगितलेले आहेत. काही काळ चर्चा वाचून मगच लिहावे, उत्तरात मूळ पत्राचा आवश्यक तेवढाच भाग ठेवावा, रागाच्या भरात लिहू नये, अशा स्वरूपाचे ते आहेत. या नियमांचा उपयोग नवख्याला गप्प करण्यासाठीही होऊ शकतो. 'आधी संग्रह वाचून या' हे वाक्य मार्गदर्शनही असते आणि हाकलणेही असते. संग्रहातील नेमके पत्र सोबत दाखवून दिले, तर ते मार्गदर्शन ठरते.

स्त्रियांच्या सहभागाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. पुरुषांची संख्या मोठी असलेल्या याद्यांवर स्त्रियांना उपहास सोसावा लागे. म्हणून डेब रिचर्डसन यांनी 'लिनक्सचिक्स' हा समुदाय सुरू केला. त्याचे नियम दोनच होते : सभ्यतेने वागा आणि मदत करा. तांत्रिक चर्चेची यादी, मनमोकळ्या गप्पांची यादी आणि स्त्रियांच्या प्रश्नांची यादी अशी त्यांची विभागणी होती. भारतात याच धर्तीवर 'इंडिचिक्स' हा गट निर्माण झाला. डेबियन प्रकल्पातही २००४ मध्ये स्त्रियांसाठी उपप्रकल्प व यादी सुरू झाली.

आज महाविद्यालयांतील बहुतेक चर्चा व्हॉट्सॲप समूहांवर चालते. तातडीच्या निरोपासाठी हे माध्यम उत्तम आहे. परंतु साध्या समूहात सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक एकमेकांना दिसतात. अनोळखी लोकांसमोर आपला क्रमांक उघड करणे अनेक विद्यार्थिनींना व त्यांच्या पालकांना नको वाटते आणि ही भीती निराधार नाही. मेलिंग लिस्टवर केवळ ई-मेलचा पत्ता दिसतो आणि त्या कामापुरता वेगळा पत्ता काढता येतो. दूरच्या तज्ज्ञाशी बोलण्याची संधी आणि खासगीपणा या दोन्ही गोष्टी त्यामुळे एकत्र साधतात.

संग्रह : समुदायाची स्मरणशक्ती

मेलिंग लिस्टचे खरे धन तिच्या संग्रहात असते. आज दिलेले उत्तर एकाचा प्रश्न सोडवते. संग्रहात राहिलेले तेच उत्तर पुढे शोधत येणाऱ्या कितीतरी जणांचा प्रश्न न विचारताच सोडवते. म्हणून पत्राचा विषय नेमका असावा. 'मदत हवी' या विषयाचे पत्र कोणालाही पुन्हा सापडत नाही. तसेच प्रश्न सुटल्यावर 'असे केल्याने सुटला' एवढे एक पत्र प्रश्नकर्त्याने लिहावे. ते न लिहिणे म्हणजे पाणी पिऊन विहिरीची दोरी घरी नेण्यासारखे आहे.

हा संग्रह कोणाच्या ताब्यात आहे, हेही पाहावे लागते. भारतातील असंख्य गटांनी आपल्या याद्या याहू ग्रुप्सच्या मोफत सेवेवर चालवल्या होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये त्या सेवेने संकेतस्थळावरील जुना मजकूर काढून टाकण्यास प्रारंभ केला आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवा पूर्णपणे बंद झाली. ज्यांनी वेळेत प्रती काढल्या नाहीत, त्यांची वर्षानुवर्षांची चर्चा गेली. याउलट कर्नलच्या याद्यांचा खुला संग्रह अशा रीतीने ठेवलेला आहे की कोणालाही त्याची संपूर्ण प्रत आपल्या संगणकावर उतरवून घेता येते. एक प्रत नष्ट झाली तरी दुसरी राहते.

एक तांत्रिक अडचण येथे नोंदवणे आवश्यक आहे. बनावट पत्रे रोखण्यासाठी याहूने एप्रिल २०१४ मध्ये कडक नियम लागू केला. आपल्या सदस्याचे पत्र आपल्याच यंत्रणेतून आलेले नसेल तर ते नाकारावे, असे त्या कंपनीने इतर सेवांना कळवले. मेलिंग लिस्टवरून आलेले पत्र नेमके असेच असते. लिहिणारा याहूचा आणि पाठवणारे यंत्र यादीचे. परिणामी अशी पत्रे परत येऊ लागली आणि वारंवार परत येणाऱ्या पत्रांमुळे निर्दोष सदस्यांची नावे याद्यांवरून आपोआप वगळली गेली. यावर उपाय म्हणून आता अनेक याद्या पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता घालतात. नवी यादी उभारणाऱ्याने ही सोय सुरुवातीलाच चालू करावी.

सीमाभागासाठी एक मांडणी

वरील विवेचनाच्या आधारे बेळगाव, निपाणी, चिकोडी व खानापूर परिसरातील महाविद्यालयांना किंवा शिक्षणसंस्थांना मिळून एक साधी मांडणी करता येण्यासारखी आहे.

१) आरंभी तीनच याद्या असाव्यात. पहिली घोषणांची, संचालकाच्या संमतीने चालणारी. दुसरी मदतीची, सर्वांसाठी खुली. तिसरी भाषांची, म्हणजे मराठी, कन्नड व उर्दू यांचे फाँट, कळफलक व अनुवाद यांसाठी.

२) मदतीच्या यादीवर प्रश्न कोणत्याही भाषेत विचारण्याची मुभा असावी. मात्र संगणकाने दाखवलेला चुकीचा संदेश जसाच्या तसा इंग्रजीत द्यावा, कारण शोधताना तोच उपयोगी पडतो. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे वाहतो. त्यात इंग्रजी आज्ञा मिसळली की शब्दांचा क्रम पडद्यावर उलटसुलट दिसू शकतो. म्हणून आज्ञा व संदेश नेहमी स्वतंत्र ओळीवर लिहावेत.

३) काही सदस्यांनी दुव्याचे काम पत्करावे. स्थानिक यादीवर न सुटलेला प्रश्न त्यांनी इंग्रजीत व्यवस्थित मांडून त्या आज्ञावलीच्या मूळ यादीवर न्यावा आणि मिळालेले उत्तर आपल्या भाषेत परत आणावे. पुढच्या वेळी ते काम प्रश्नकर्त्याकडूनच करून घ्यावे. असे केल्याने स्थानिक यादी ही मोठ्या जगात जाण्याची पायरी बनते.

४) संचालक किमान दोन असावेत आणि ते वेगवेगळ्या संस्थांतील असावेत. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो आणि संकेतशब्द त्याच्यासोबत जातो. महाविद्यालयीन उपक्रम बंद पडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. म्हणून दोघांपैकी एक तरी कायमस्वरूपी शिक्षक किंवा ग्रंथपाल असावा.

५) संग्रह खुला असावा आणि त्याची प्रत दर सहामाहीला ग्रंथालयात जमा करावी. पत्रांचा संग्रह ही मुळात साध्या मजकुराची फाइल असल्याने ती सांभाळण्यास मोठी जागा लागत नाही. मात्र संग्रह खुला आहे ही गोष्ट नाव नोंदवतानाच प्रत्येकाला सांगितलेली असावी.

समारोप

मेलिंग लिस्ट हे जुने साधन आहे. अनेक समुदाय आता नव्या माध्यमांकडे वळले आहेत आणि पुढेही वळतील. परंतु मांडणीचे प्रश्न माध्यमासोबत संपत नाहीत. कोणी कोठे विचारावे, उत्तर कोणत्या भाषेत मिळावे, नवख्याशी कसे बोलावे आणि मिळालेले ज्ञान कोठे जपावे, हे प्रश्न प्रत्येक नव्या माध्यमात पुन्हा उभे राहतात.

बेळगावच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या एका अभियंत्याने टेलिफोनच्या लाइनवर चालणारा फळा उभारला, त्या वेळी साधने फारच तुटपुंजी होती. आज साधने पुष्कळ आहेत. निपाणीतील विद्यार्थिनीला आपल्या आडव्या र चा प्रश्न योग्य माणसापर्यंत नेता आला आणि त्याचे उत्तर तिच्या मागून येणाऱ्यांना सापडले, तर ती साधने सार्थकी लागली असे म्हणता येईल. त्यासाठी आधी पाट्या नीट लावाव्या लागतील आणि चौकशीची खिडकी उघडी ठेवावी लागेल.